प्लॅनमध्ये फरशीचं हॅच: पहिली फरशी कुठे बसणार ते ठरवा

मी घरून ड्राफ्टिंगची कामं घेते, बहुतेक बंगले आणि फ्लॅटचे इंटिरिअर प्लॅन, सगळं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. सुरुवातीची काही वर्षं फरशीचं हॅच, म्हणजे प्लॅनवर फरशी दाखवायला भरलेल्या रेघा, माझ्यासाठी निव्वळ शोभेचं होतं. चौकटी दिसल्या, प्लॅन भरलेला वाटला, झालं. मग एका साइटवरून फरशीवाल्या मिस्त्रींचा फोन आला. "मॅडम, तुमच्या कागदावर हॉलमध्ये बरोबर सहा फरश्या बसतात. माझ्याकडे दोन बोटं उरतायत. ती पट्टी कुठे टाकू?"

चूक माझीच होती. बाजारात जिला आपण 'दोन बाय दोन' म्हणतो ती फरशी 600 मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे 609.6. मी हॅचला 24 इंच अंतर दिलं होतं. प्रत्येक फरशीमागे जवळजवळ सेंटिमीटरभर खोटं बोलत होते. मिस्त्री दोन फरश्यांमध्ये फट राखायला 2 मिलिमीटरचे स्पेसर लावतात, म्हणजे फरशी आणि फट मिळून एक घर 602 मिलिमीटरचं, फूट-इंचाच्या ड्रॉइंगमध्ये 23.70 इंच. 12 फुटांत अशी सहा घरं घातली की 45 मिलिमीटर उरतात. तीच ती दोन बोटं.

आता कृती. आधी फरशीसाठी वेगळा लेयर, म्हणजे ड्रॉइंगचा थर, करा, रंग फिकट राखाडी, रेघ सर्वांत बारीक. फर्निचर आणि मापांचे लेयर फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते लपवा, नाहीतर सोफ्याभोवती हॅच तुटतं. सोफ्याखालीही फरशी असतेच की! दरवाज्याच्या जागी खोली उघडी असते, तिथे एक रेघ मारून बंद करा. ही रेघ कुठेही नको. बंद दाराच्या बरोबर खाली घ्या, म्हणजे दोन खोल्यांच्या वेगळ्या फरश्यांचा सांधा दार लावल्यावर कुठल्याच बाजूने दिसत नाही.

कमांड लाइनवर एच टाइप करून एंटर. पॅटर्नची भलीमोठी यादी समोर येईल, तिच्या मोहात पडू नका. प्रकारात 'यूझर डिफाइन्ड' निवडा, कोन 0, स्पेसिंग 23.70, आणि प्रॉपर्टीजचं पॅनेल खाली उघडून 'डबल' चालू करा. डबल विसरलात तर नुसत्या आडव्या रेघा येतात. नेट नावाचा तयार पॅटर्नही चौकटीच देतो, पण त्याचं मूळ अंतर एक अष्टमांश इंच. म्हणजे 23.70 साठी स्केल 189.6 द्यायचं. कशाला तो हिशोब?

खोली पूर्ण दिसेल एवढं झूम करून मध्ये क्लिक करा. 'बाउंड्री सापडत नाही' असं ऑटोकॅड म्हणालं की समजायचं, कुठेतरी दोन भिंती एकमेकींना भिडलेल्या नाहीत. लाल गोल दिसतील तिथे जाऊन कोपरा जोडा. फट चालवून घेण्याची सेटिंग आहे, पण मी ती वापरत नाही. आज लपवलेली फट उद्या क्षेत्रफळात निघते.

आता खरं काम, ओरिजिन, म्हणजे हॅचच्या चौकटी जिथून सुरू होतात तो बिंदू. हॉल समजा 12 बाय 15 फुटांचा आहे. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली की तिचा मध्य म्हणजे खोलीचा मध्य. 12 फुटांच्या दिशेत सांधा मध्यावर ठेवला तर दोन्ही भिंतींशी 23 मिलिमीटरच्या चिंध्या येतात, ज्या कापताना फुटणारच. त्याऐवजी फरशीचा मध्य खोलीच्या मध्यावर आणा: पाच अख्ख्या आणि दोन्हीकडे 323 मिलिमीटरचे तुकडे. 15 फुटांच्या दिशेत नेमकं उलटं. तिथे सांधाच मध्यावर हवा, म्हणजे सहा अख्ख्या आणि दोन्हीकडे 480 चे तुकडे. फरशी मध्यावर आणलीत तर तुकडा 179 वर येतो. म्हणून 'सेट ओरिजिन' घेऊन खोलीच्या मध्यापासून 12 फुटांच्या दिशेत अर्धी फरशी, म्हणजे 11.85 इंच, सरकलेला बिंदू द्यायचा. दुसऱ्या दिशेत सरकायचं नाही. या बिंदूवर मी एक ठळक फुली मारते आणि 'इथून सुरुवात' असं लिहिते. मिस्त्री हॅच बघत नाहीत, ती फुली बघतात. मापं मात्र प्लास्टर झाल्यावरची घ्या, आणि खोली गुण्यात आहे का, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का, ते त्यांना आधी विचारा.

पॅसेजला तीच फरशी असेल तर तोच ओरिजिन द्या, सांधे सरळ पुढे जातात. टॉयलेटला 300 ची फरशी, तिचं हॅच वेगळं.

लाकडी फ्लोअरिंगला एआर-पार्क वन किंवा एआर-एचबोन घेतलात तर हे पॅटर्न खऱ्या मापात काढलेले असतात, स्केल 1 पासून सुरू करा. इंचांच्या ड्रॉइंगमध्ये पॅटर्न दिसतच नाही किंवा एखादीच रेघ येते, तेव्हा मेझरमेंट हे व्हेरिएबल, म्हणजे ऑटोकॅडची सेटिंग, तपासा. ते 1 असेल तर पॅटर्नची मिलिमीटरची फाइल उचलली जाते आणि सगळं 25.4 पट मोठं होतं. 0 करून हॅच नव्याने टाका.

भिंती हॅचखाली गेल्या असतील तर 'हॅचटूबॅक' ही एकच कमांड सगळी हॅच मागे ढकलते.

क्षेत्रफळ हॅच निवडल्यावर प्रॉपर्टीजमध्ये मिळतं. चौरस इंचांत असेल तर 144 ने भागा. या हॉलचं 180 चौरस फूट येतं, दहा टक्के वाढवून 198. चार फरश्यांचा बॉक्स साडेपंधरा चौरस फुटांचा, म्हणजे 13 बॉक्स, 52 फरश्या. पण हॅचवर घरं मोजा: एका दिशेत 7, दुसरीत 8, एकूण 56. कडेचा प्रत्येक तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने एका फरशीतून दोन निघत नाहीत. मी 14 बॉक्स लिहिते आणि फुटीसाठी एक वर.