इअरफोनचा आवाज पातळ वाटतोय? आधी टिप बदलून बघा

बेस येत नाही, आवाज चिरका लागतो, म्हणून नवा इअरफोन घ्यायला निघण्याआधी त्याच्या टोकाची रबरी टिप बघा. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात. मध्यम आधीच बसवलेली असते आणि बाकीच्या दोन बहुतेकांच्या घरी पिशवीतच राहतात. दोन हजारांच्या इअरफोनला नीट टिप मिळाली, तर तो चुकीची टिप लावलेल्या दहा हजारांच्या इअरफोनपेक्षा सहज चांगला वाजू शकतो.

कारण साधं आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर रुंद असते. इअरफोनमधला एवढासा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, भरदार बेस देतो तो एकाच अटीवर: टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा बंदिस्त हवी. टिप आणि कातडी यांत केसाएवढी फट राहिली तरी खालच्या सुरांचा दाब तिथून निसटतो. आधी ५० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा जातो, फट मोठी असेल तर १००-२०० हर्ट्झपर्यंतचा भरीवपणाही जातो. वरचे सूर मात्र जागेवर राहतात. ट्रेबल, म्हणजे हे वरचे सूर, जास्त आहे असं वाटतं, पण खरं तर बेस गळालेला असतो. इक्वलायझरमध्ये (मोबाइलवर बेस-ट्रेबल कमी-जास्त करायची सोय) बेस कितीही चढवला तरी फट बुजत नाही. बॅटरी मात्र लवकर उतरते आणि ड्रायव्हर फाटल्यासारखा वाजतो.

तपासायचं कसं

१. शांत खोलीत बसा. पंखा बंद करा, इक्वलायझर बंद करा, आवाज मध्यम ठेवा आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत तो हलवू नका.

२. तोंडपाठ असलेलं रेकॉर्डिंग निवडा. डबलबारी भजन किंवा दशावताराचं स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग यासाठी फार उत्तम: पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा खाली, पेटी आणि गळा मध्ये, झांज वर. तिन्ही थर एकाच गाण्यात मिळतात. जत्रेत कर्ण्यावरून मोबाइलवर टिपलेलं घेऊ नका. त्यात मुळात बेसच फारसा नसतो.

३. उजवा इअरफोन उजव्या हातात धरा. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वरून धरा आणि वर-मागे हलकेच ओढा. त्यानं वाकडी नळी सरळ होते. टिप किंचित फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. घालताना कुरकुर किंवा ‘टप्’ असा आवाज आला तर घाबरू नका; हवेच्या दाबानं ड्रायव्हरचा पडदा वाकतो, म्हणून तो येतो. हळू घातलं की कमी होतो.

४. गाणं चालू ठेवून इअरफोन बोटानं अगदी हलका आत दाबा. पखवाज एकदम जाड झाला तर टिप गळते आहे. काही बदललं नाही तर ती नीट बसली आहे. इथे एक काळजी घ्या: कवचावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असेल तर त्यावर बोट ठेवू नका. ते हवेसाठी असतं आणि झाकलं तरी बेस बदलतो, मग निष्कर्ष चुकतो.

५. तोंड उघडा, चावल्यासारखं करा, मान वळवा. जबडा हलला की कानाची नळी आकार बदलते. बसल्या जागी छान वाजणारी टिप बोलताना गळते ती इथेच पकडता येते.

६. आता एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज येणारं, गाणं लावा. गळा डोक्याच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. घुमारा एका बाजूला झुकत असेल तर दुसऱ्या कानाची टिप बदला. उजव्या-डाव्या कानाचं माप वेगळं असणं अगदी सर्रास आढळतं. उजव्यात मध्यम आणि डाव्यात मोठी लावायला काहीच हरकत नाही.

मोठी टिप म्हणजे घट्ट, हा समज सोडा. फार मोठी टिप कानात दुमडते, तिच्या कडेला चुणी पडते आणि त्या चुणीतूनच हवा जाते. काढल्यावर कड नीट बघा: एका जागी घडी दिसली तर एक माप खाली या. अर्ध्या तासात दुखायला लागलं तरीही तेच करा.

टिप किती खोल, तोंड किती रुंद

फट बुजली, बेस आला, तरी ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात अशी तक्रार पुष्कळदा उरते. तिथे टिप किती आत बसते हे बघायचं. टिपेपासून पडद्यापर्यंतची हवा एका ठरावीक सुराला घुमते आणि तो सूर इतरांपेक्षा उभारून येतो. ते अंतर २५ मिलिमीटर असेल तर हा उभार ६,९०० हर्ट्झच्या जवळ येतो, २० मिलिमीटर असेल तर ८,६०० च्या. म्हणजे टिप थोडी आत गेली की उभार वर सरकतो आणि गाणाऱ्याच्या ‘स’पासून दूर जातो. त्यासाठी एक माप लहान टिप खोल बसवून बघा. दुखलं की मात्र थांबा.

टिपेच्या तोंडाचाही परिणाम होतो. रुंद तोंडाची टिप झांज मोकळी ठेवते, अरुंद तोंडाची तिला थोडी दाबते. फरक फट बुजवण्याइतका मोठा नसतो, पण कळतो. आवाज अचानक मंद झाला तर टिपेची मधली नळी नोझलच्या (इअरफोनच्या ज्या तोंडावर टिप चढते त्याच्या) पुढे येऊन दुमडली आहे का बघा.

फोमची टिप बोटांत वळून बारीक करायची, पटकन कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायची. ती फट उत्तम बुजवते आणि चिरका आवाज किंचित मऊ करते. आधीच मंद वाजणाऱ्या इअरफोनला ती लावू नका.

नवी टिप घेताना नोझलचा व्यास व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं, मोजा. बरेच इअरफोन ४ ते ६ मिलिमीटरमध्ये बसतात. शुअर आणि एटिमोटिक या कंपन्यांच्या इअरफोनचं नोझल ३ मिलिमीटरच्या आसपास, खूप बारीक असतं. सैल टिप कानात अडकून राहू शकते आणि ती काढायला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं लागतं. बिनवायरी बड्सना आखूड टिप लागते, नाहीतर डबीचं झाकण नीट लागत नाही आणि चार्जिंग होत नाही.

कोकण रेल्वेत ऐकताना

खिडकी उघडी आणि गाडी रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली, की मोबाइलचा आवाज वाढवण्याकडे हात जातोच. टिप नीट बसली असेल तर ही गरज खूप कमी होते. नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट उलट्या ध्वनीनं मारणारी इअरफोनमधली सोय) चाकांची खालची घरघर कमी करतं, वरचा खडखडाट टिप अडवते. टिप गळत असेल तर नॉइज कॅन्सलिंगही लंगडं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० डेसिबलला तेच ४ तासांवर येतं.

दमट हवेत टिपा सांभाळणं

जून ते सप्टेंबर फोम टाळा. तो घाम पितो आणि आपल्याकडच्या हवेत वाळतच नाही; एरवीही दोन-तीन महिन्यांत त्याचा फुगवटा जातो. सिलिकॉनच्या दोन जोड्या ठेवा. एक कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुऊन रात्रभर वाळू द्या, तोवर दुसरी वापरा. धुताना टिप इअरफोनवरून काढलेलीच हवी. डोक्याला खोबरेल चोपडल्यावर लगेच इअरफोन घालू नका. तेलकट टिप घसरते आणि चांगली बुजलेली फटही पुन्हा उघडते. आंघोळीनंतर किंवा समुद्रावरून आल्यावर कान पूर्ण कोरडे होऊ द्या. ओला कान टिपेनं तासन्‌तास बंद ठेवला की बुरशीला आयतं घर मिळतं.

डबीत सिलिका जेलची पुडी ठेवायची तर ताजी, बंद पाकिटातली ठेवा. चपलांच्या खोक्यातून आलेली जुनी पुडी आधीच ओल पिऊन बसलेली असते. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी संपले हे कळतं.

टिपा बदलूनही एकच बाजू मंद वाजत असेल तर नोझलची जाळी मळानं बुजली असण्याची शक्यता आहे. जाळी जमिनीकडे करून मऊ, कोरड्या ब्रशनं हलकेच झाडा. टाचणी घालू नका, मळ आत जातो आणि जाळी फाटते. कानाला खाज, दडे किंवा स्राव असेल तर इअरफोन बंद ठेवा, लसणीचं तेल घालू नका, डॉक्टरांना कान दाखवा. कान बरा झाल्यावर जुन्या टिपा पुन्हा चढवू नका, नवी जोडी घ्या.