आकाशाची तेजस्विता कॅमेऱ्याने मोजताय? या चुका टाळा

इथे फोटोतल्या आकाशाच्या प्रकाशाची तुलना माहीत असलेल्या तेजाच्या ताऱ्यांशी करून आकाश किती उजळ ते काढतात. या कामात चूक झाली तरी फोटो बिघडत नाही, फक्त आकडा बिघडतो. म्हणून आधी अंदाज पक्का करा: नैसर्गिक अंधाऱ्या आकाशाची तेजस्विता दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) २२ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेज मोजायचं एकक, मॅग्निट्यूड) आसपास असते, मोठ्या शहरात १७-१८. आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं. उत्तर २३ आलं तर गणित तपासा.

जेपीईजीवर मोजणं

जेपीईजी बनवताना कॅमेरा उजळ-गडद भाग स्वतःच्या हिशेबाने खालीवर करतो. प्रकाश दुप्पट म्हणजे आकडा दुप्पट, हे नातं फक्त रॉ फाइलमध्ये (सेन्सरचे मूळ आकडे असलेल्या) टिकतं. ऑटो आयएसओ आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ५० मिमी लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६००, ३० सेकंद ही सुरुवात चांगली.

काळी पातळी वजा न करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सेन्सर प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात एक ठरावीक संख्या मिसळतो, काही कॅमेऱ्यांत २०४८, काहींत ५१२. काळोख्या जागी आकाशाचा खरा सिग्नल २०० असेल आणि तुम्ही २२४८ धरलात, तर आकाश २.६ प्रतींनी उजळ दिसेल. ताऱ्यांवरून हे कळतही नाही, कारण तारा मोजताना भोवतालचं आकाश वजा होतं आणि ही संख्याही त्यातच जाते. तिथे सगळं आलबेल, आकाशाचं उत्तर मात्र चुकीचं.

उपाय: त्याच जागी, लगेच, लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओ आणि एक्स्पोजरच्या ८-१० डार्क फ्रेम घ्या, त्यांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) काढून वजा करा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही झाका. काही सॉफ्टवेअर फाइल उघडतानाच ही संख्या काढून टाकतात. डार्क आणि आकाश, दोन्ही फाइल एकाच पद्धतीने उघडा.

पिक्सेलच्या क्षेत्रफळात घोळ

पिक्सेलची रुंदी (मायक्रोमीटर) गुणिले २०६.२६५ भागिले फोकल लेंग्थ (मिमी) म्हणजे एका पिक्सेलचे आर्कसेकंद. ४.३ मायक्रोमीटर आणि ५० मिमीला १७.७ येतात, क्षेत्रफळासाठी वर्ग करा. फक्त हिरवा चॅनल (हिरव्या फिल्टरखालचे पिक्सेल) वेगळा काढून चित्र निम्म्या आकाराचं झालं असेल, तर बाजू दुप्पट धरा. हे विसरलात की सरळ १.५ प्रतीचा फरक.

तारे चुकीचे निवडणं

तेजस्वी तारे सॅच्युरेट होतात (पिक्सेल भरून जातो, पुढचा प्रकाश मोजला जात नाही) आणि बारीक फोकसमध्ये ताऱ्याचा प्रकाश एखाद-दुसऱ्या लाल-निळ्या पिक्सेलवरच पडून हिरव्यात कमी भरतो. ताऱ्यांसाठी वेगळा फोटो घ्या, त्यात फोकस किंचित ढिला करा, एक्स्पोजर ५ सेकंद ठेवा आणि ५-६ प्रतीचे, फार लाल नसलेले, रूपविकारी (तेज बदलणारे) नसलेले ८-१० तारे घ्या. आयएसओ आणि ॲपर्चर बदलू नका. आकाश आणि तारे, दोन्हींचे आकडे आपापल्या एक्स्पोजरच्या सेकंदांनी भागून दर सेकंदावर आणा. एक बारीक गोष्ट: बऱ्याच कॅमेऱ्यांचे '३० सेकंद' प्रत्यक्षात ३२ असतात. ०.०७ प्रत तिथेच जाते.

ताऱ्यांच्या मापात वातावरणीय शोषणाची (हवेत घटणाऱ्या प्रकाशाची) दुरुस्ती करा, आकाशाच्या तेजस्वितेत करू नका. उलट करणारे बरेच भेटतात.

कडेचा भाग मोजणं

एफ/२.८ला कोपरे सहज एक स्टॉप (प्रकाश निम्मा), म्हणजे ०.७५ प्रत, मंद होतात. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा, ही घट दुरुस्त करायला घेतलेला फोटो) नसेल तर मधलाच भाग घ्या, ताऱ्यांसाठीही. आकाशाच्या चौकोनात सरासरी नको, मीडियन घ्या, नाहीतर तारेही मोजले जातील.

भलत्याच गोष्टीशी तुलना

स्काय क्वालिटी मीटर या आकाशाची तेजस्विता मोजणाऱ्या तयार यंत्राचं लेन्सवालं मॉडेल साधारण २० अंश रुंदीचा भाग पाहतं आणि त्याची रंगसंवेदना हिरव्या चॅनलसारखी नाही. एक-दोन दशांशाचा फरक आला तर घाबरू नका. चंद्र क्षितिजाखाली, सूर्य क्षितिजाखाली १८ अंश किंवा जास्त, आणि आकाशगंगा चौकटीबाहेर, एवढं मात्र पाहाच.

लागोपाठच्या फ्रेममध्ये आकडा ०.१ पेक्षा जास्त हलत असेल तर तारेही तपासा. तेही मंदावत असतील तर पातळ ढग किंवा लेन्सवर दव. दव पुसून लगेच पुन्हा धरत असेल, तर लेन्सभोवती हीटर पट्टी गुंडाळा.