माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं बघताना या चुका टाळा (यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात)

आमचे अण्णा, म्हणजे वडील, गेले ते ऐन एप्रिलात. मुंबईच्या हॉस्पिटलात गेले, दादा तिथे, मी इकडे देवगडात आणि कलमांवर आंबा तयार. आंबा कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे सुतकातच काढणी चालू ठेवली, पेट्या वाशीला पाठवल्या, दलालाचे पैसे माझ्या खात्यात घेतले, त्यातूनच गुरख्यांचा पगार, मजुरी, फवारणीची उधारी, बाराव्याचं जेवण सगळं भागवलं आणि एक आकडा कुठे लिहिला नाही. गणपतीला सगळे आले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ताईने विचारलं, यंदा आंब्याचं किती झालं रे? आणि मला सांगता येईना. तिला आधी संशय नव्हता, माझं तोंड बघून आला.

तेव्हा कळलं की घरातला माणूस गेल्यावर जो धावपळ करतो तो मालक नसतो, तो सगळ्या वारसांचा कारभारी असतो. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमला असेल आणि कोर्टाने प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला) दिलं असेल तर कायदा त्याच्याकडून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब मागतो. आपल्याकडे गावात मृत्युपत्रच नसतं, मग हिशेब कोण मागणार, असं वाटतं. बहीण मागते. आणि तिने मागायच्या आधी दिलेला बरा.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही. दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) जपून ठेवा, मजुरी दिली की सही घ्या, पैसे शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवा, तुमच्या पगाराच्या खात्यात मिसळू नका. काजूचंही तसंच आणि भाड्याने दिलेल्या खोलीचंही. तुम्ही केलेल्या मेहनतीचे पैसे घ्यायचे असतील तर आधी बोलून ठरवून घ्या, मागून कापून घेतलेले कोणाला आवडत नाहीत.

एटीएम कार्ड

ही चूक पहिल्या आठवड्यातच होते. वडिलांचा पिन घरात सगळ्यांना माहीत असतो, हॉस्पिटलचं बिल असतं, कोणीतरी जाऊन काढून आणतं. माणूस गेला की त्याचं कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय वापरायचा हक्क कोणालाच उरत नाही. मुखत्यारपत्र करून घेतलेलं असलं तरी तेही माणसाबरोबरच संपतं, हे आमच्या गावात अजून निम्म्या लोकांना पटत नाही. पेन्शनर असेल तर जास्तच जपा, मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत करावी लागते, ती काढून खर्च केलीत तर पुढे वसुली निघते. बँकेला आणि पेन्शन ऑफिसला लगेच कळवा, आईची फॅमिली पेन्शनही मग लवकर सुरू होते. खातं दोघांच्या नावावर आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर मागे राहिलेला ते चालवू शकतो, तेवढी गोष्ट वेगळी.

अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या महिन्यातला दवाखान्याचा खर्च बाकी कर्जांच्या आधी मयताच्या मालमत्तेतून वळता करायला कायद्याने परवानगी आहे. तेव्हा ज्याने भरला त्याने बिलं ठेवावी आणि नंतर मागून घ्यावे. लाजायचं काही कारण नाही.

पासबुक मात्र नीट भरून आणा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या एन्ट्र्या वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा. दोन्हीत २ लाखांचं कव्हर असतं, दुसऱ्यात फक्त अपघाताला. कित्येक घरांत हे माहीतच नसतं आणि क्लेम राहून जातो. आमच्या शेजारच्या काकींना असाच पासबुकातून सापडला.

दाखला एकच काढणं, आणि त्यातलं नाव न वाचणं

मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, गाव कुठलं याच्याशी संबंध नाही. अण्णा गावचे पण दाखला मुंबई महापालिकेचा. घरी गेलेल्या माणसाची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो आणि मग फेऱ्याच फेऱ्या. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्या, प्रत्येक ऑफिसला एक लागते.

खरी गंमत नावाची आहे. कोकणात माणसाला तीन नावं असतात, समजा सातबाऱ्यावर धोंडू, आधारवर धोंडीराम आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. हॉस्पिटलवाले आधार बघून लिहितात आणि गावचा तलाठी म्हणतो हा माणूस तो नव्हे. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही म्हणतो.) फॉर्म भरताना हॉस्पिटलात कोणीतरी शुद्धीवर असलेला माणूस उभा करा. चुकलंच असेल तर जिथे नोंद झाली त्याच ऑफिसात दुरुस्ती होते, नाहीतर दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र आणि जुने कागद जोडत बसावं लागतं.

वारसांची यादी “सोपी” करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्या बाजूला ती प्रेमानेच केली जाते. “ताई काय आता मागणार आहे, तिचं लग्न झालं, कशाला उगाच नाव.” मग वंशावळीत दोनच भाऊ. ते प्रतिज्ञापत्र खोटं असतं, एवढं लक्षात ठेवा.

हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. आईला लोक हमखास विसरतात. मयताची म्हातारी आई घरात माजघरात बसलेली असते आणि यादीत नातवंडांची नावं. आधीच वारलेल्या भावाची बायको-मुलंसुद्धा त्याच्या जागी येतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे, तो बदल ९ सप्टेंबर २००५ पासूनचा, आणि त्या दिवशी बाप जिवंत असायलाच हवा असं नाही हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. मुसलमान आणि ख्रिश्चन घरांत नियम वेगळे, तिथे त्यांच्या कायद्याप्रमाणे वाटे विचारून घ्या, हिंदू कायद्याचा तक्ता डाउनलोड करून लावू नका.

आमच्याकडे आजोबा गेले तेव्हा आत्याचं नाव सातबाऱ्यावर कब्जेदारांत (जमीन धारण करणाऱ्यांत) न लावता ‘इतर हक्क’ मध्ये टाकून दिलेलं. तेव्हा सगळीकडे तसंच करायचे. अण्णांची नोंद करताना ते निघालं, मी तिला भेटायला गेलो, मनात आपलं हेच की हक्कसोड (वाटा सोडल्याचा कागद) मागू. ती म्हणाली, “माका काय नको रे, पण माझा नाव तरी रवांदे.” मग काय बोलणार. नाव राहिलं.

हक्कसोड जिने स्वतःहून द्यायचं म्हटलं तिच्याकडूनच घ्या आणि ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच करा. साध्या कागदावरची सही, स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं, याने जमिनीचा हक्क सुटत नाही. बाराव्याच्या दिवशी रडवेल्या बहिणीपुढे कागद सरकवणारे लोक बघितलेत मी, पुढे दहा वर्षांनी तोच कागद कोर्टात फाटतो.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे

महसूल कायद्यात मिळालेल्या हक्काची खबर ३ महिन्यांत तलाठ्याला द्यायची आहे. आता महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवर ऑनलाईन अर्जही होतो. मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वारसांचे आधार, जुने उतारे दिले की आधी वारस नोंदवहीत चढतं, मग फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि मंडळ अधिकारी मंजूर करतो. मंजूर झाला की लोक समजतात काम झालं. सातबारावर नाव लागणं म्हणजे फक्त महसुली दप्तरात नोंद, त्याने मालकी ठरत नाही आणि कोणाचं आंब्याचं कुठलं कलम तेही ठरत नाही, सगळे सामाईक. दगडी बांध घालून “हे माझं” म्हणायला वाटणी लागते, तहसीलदाराकडे महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीने किंवा मग कोर्टातून.

आणि ही नोंद पिढीच्या पिढीला करा. आमच्या एका कातळाच्या सातबाऱ्यावर ३७ नावं आहेत, त्यातले जिवंत किती हे मोजायला दोन रविवार गेले. मुंबई-गोवा हायवे रुंद करताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यात असले सातबारे असलेल्यांचं काय झालं ते विचारा कोणालाही, उताऱ्यावर पणजोबा अजून जिवंत, मग मोबदला घेणार कोण. सरकारने २०२५ मध्ये एप्रिलपासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. आजोबांची नोंद राहिलेली असताना थेट नातवाची करून द्या म्हणून तलाठ्याशी भांडू नका, आधी आजोबांचा दाखला शोधा.

नॉमिनी झालो म्हणजे पैसे माझे

नाही. बँकेची ठेव, शेअर, म्युच्युअल फंड, सोसायटीतला फ्लॅट, यात नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस, खाणारा नव्हे. शेअर्सबद्दल तर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ पासून थोडं वेगळं आहे, तिथे आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना खरोखरचा हक्क मिळतो. दादा अण्णांच्या एफडीला नॉमिनी होता. पैसे आले तसे त्याने वहीत लिहून ठेवले, माझ्यासारखं केलं नाही.

नॉमिनी नसेल तर बँकेतला माणूस सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा उत्तराधिकार दाखला) आणा म्हणून मोकळा होतो. वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) साध्या कागदांवर आणि हमीपत्रावर काम व्हायला पाहिजे, सगळे कागद दिल्यावर १५ दिवसांत. हे शांतपणे सांगा, लेखी द्या, पोच घ्या. आणि सक्सेशन सर्टिफिकेट ठेवी-शेअर यांच्यासाठीच असतं, ते काढून कोणी जमिनीसाठी तलाठ्याकडे जातो तेव्हा वकिलाची फी फुकट गेलेली असते. जमिनीला वारसाहक्काचा वाद-गोंधळ असेल तर १८२७ च्या रेग्युलेशनखाली कोर्टाचा वारस दाखला, तो वेगळा कागद.

कर्ज विसरून वाटप

सोनं वाटून झालं, आणि मग विकास सोसायटीचा सेक्रेटरी दारात. आधी देणी शोधा. पीक कर्ज, पतसंस्था, सोनेतारण, कोणाला जामीन राहिले होते का, फवारणीच्या दुकानातली उधारी. मयताचं कर्ज वारसांनी स्वतःच्या खिशातून फेडायचं नसतं, जेवढं त्याच्याकडून मिळालं तेवढ्यापुरतंच. पण मिळालेलं वाटून उडवलंत तर मग तोंड कुठे दाखवणार. आणि आईच्या अंगावरचे दागिने हे वडिलांच्या इस्टेटीत येत नाहीत हो, ते तिचं स्त्रीधन, तिच्या पाटल्या मोजायला बसू नका.

इन्कम टॅक्सही देणंच. शेवटच्या काळाचं रिटर्न वारसाने भरायचं, पोर्टलवर लीगल हेअर म्हणून रजिस्टर व्हावं लागतं. रिफंड येणार असेल तर तो येईपर्यंत खातं कसं ठेवायचं ते बँकेशी बोलून घ्या, आम्ही उत्साहात खातं बंद केलं आणि रिफंड परत गेला, मग सहा महिने तेच.

लाईटचं मीटर, घरपट्टीचा असेसमेंट, गाडीची आरसी ही कामं सोपी आहेत, राहून जातात एवढंच. होडी असेल तर मात्र लगेच बघा. माझ्या एका मच्छीमार मित्राने वडील गेल्यावर दोन सीझन होडी तशीच पाठवली, रजिस्ट्रेशन, मासेमारीचा परवाना, विमा सगळं वडिलांच्या नावाने, डिझेलचा परतावाही त्यांच्याच बंद खात्यावर. वादळात होडी खडकाला लागली तेव्हा विम्यासाठी आधी वारसाचे कागद करा असं ऐकावं लागलं.

सगळ्यांच्या सह्या आणि जबाब एकत्र मिळायची जागा म्हणजे गणपती, चाकरमानी घरी असतात तेवढे चार दिवस. पण चतुर्थीला ऑफिस बंद, पुढे शनिवार-रविवार, त्यात सर्व्हर डाऊन, त्यामुळे कागद आषाढातच तयार ठेवा, तलाठ्याला आधी दाखवून घ्या आणि ज्यांना यायचं त्यांची परतीची तिकिटं विचारा. आम्ही हे सगळं केलं, फक्त ताईचं तिकीट विचारलं नाही. तहसीलला तारीख मंगळवारची मिळाली आणि तिची मुंबईला परतायची तुतारी एक्स्प्रेस सोमवारची. जबाब शिमग्यावर गेले.