पहाटे पंखा नकोसा झाला की मेथी पेरा

मेथी कधी पेरायची, असं कुणी विचारलं की मी महिना सांगत नाही. पहाटे उठून पंखा बंद करावासा वाटला की पेरा. पुण्यात आमच्याकडे ही वेळ बहुधा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, हस्ताचा पाऊस सरून चित्रा निम्मं झाल्यावर. घाईही करून पाहिलीय. एका वर्षी घट बसले त्याच दिवशी हुरूप आला आणि गच्चीवरच्या तिन्ही क्रेटमध्ये पालक टाकला. घटातले गहू वीतभर झाले. पालक मात्र नुकताच उगवला होता, एका रात्रीच्या पावसात देठाशी मऊ पडून सगळा आडवा.

मेथीचं बी दुकानातून आणत नाही. मसाल्याच्या डब्यातली मूठभर रात्री भिजवायची, सकाळी निथळून पेरायची, वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकी माती. चौथ्या दिवशी मातीला भेगा पडतात, महिन्याच्या आत जुडी हातात.

धने असे सरळ नसतात. अख्ख्या धन्यात दोन बिया जोडलेल्या असतात, त्या सुट्या करायच्या. वर्तमानपत्रावर पसरायचे आणि लाटणं हलकं फिरवायचं. कट् कट् आवाज येऊन होडीसारखी दोन अर्धुकं झाली की थांबायचं. जोर लावलात तर आमटीत घालायची पूड होईल. मग रात्रभर भिजवून पेरले तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघायची माझी खोड सुटायला दोन हिवाळे गेले.

पालकाचं बी खडबडीत असतं, एकाच बोंडातून दोन-तीन रोपं निघतात, म्हणून विरळ टाका. महिन्याने कापताना उपटू नका. दोन बोटं देठ ठेवला की पंधरा दिवसांत पुन्हा भाजी.

सगळं बी एकदम संपवलंत तर एका आठवड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत सुटाल. मी दर दहा दिवसांनी एकच क्रेट पेरते, नोव्हेंबर ते जानेवारी. संक्रांतीनंतर हात आखडता घेते, कारण ऊन तापलं की कोथिंबीर पानं सोडून फुलांच्या मागे लागते.

तिथून पुढे माठ. त्याला ऊब लागते, थंडीत तो नुसता बसून राहतो. बी खसखशीएवढं, काळं, चकचकीत. चिमूटभर बियांत मूठभर बारीक वाळू मिसळून भुरभुरवायचं आणि वरून हात फिरवायचा, पुरायचं नाही. गेल्या मार्चमध्ये पेरून चहा प्यायला खाली गेले, परत येते तर मुंग्यांची रांग एकेक दाणा तोंडात धरून कठड्याकडे निघालेली! तेव्हापासून उगवेपर्यंत क्रेट चार विटांवर आणि विटा पाण्याच्या ताटलीत. अंबाडीचं बी तेवढं डबीत राहू द्या, ते मृगाचा पाऊस पडल्यावर.