डोंगर वाचवायला वर्गणी गोळा करताय? या चुका टाळा

पावसाळा संपला की कोल्हापूरकडचं मसाई पठार नाहीतर गगनबावडा फिरून आलेला एखादा ग्रुप ठरवतोच, की हा डोंगर आता आपण वाचवायचा, जागाच विकत घ्यायची. चांगलंय की, कोण नको म्हणतंय. पण त्याच रात्री व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरायला लागतो आणि तिथंच घोळ होतोय.

क्यूआर कुणाचा, तर ग्रुपमधल्या एकाच्या पर्सनल खात्याचा. अरे ही काय तालमीच्या गणपतीची वर्गणी आहे का? आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ट्रस्ट नोंदवा, ट्रस्टचं पॅन काढा, खातं उघडा, मग मागा पैसे. वेळ लागतोय, लागू दे, डोंगर कुठं पळून चाललाय. जरा मोठी रक्कम देणारा माणूस 80जी, म्हणजे देणगीवर आयकर सवलत देणारी नोंदणी, आहे का हेच पहिलं विचारतो (2000 च्या वर रोख घेतली तर त्याला सवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा), आणि कंपनीकडं गेलात की सीएसआर-1 नोंदणी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी घ्यायला लागणारी) मागतात. शिवाय ट्रस्टच्या नावावरची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, देणगीदाराला हे सांगून बघा, हात लगेच खिशात जातोय.

दुसरी चूक म्हणजे सातबारा न वाचता इसार देणं. ओळखीतल्या एका ग्रुपनं भुदरगड तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेची जागा बघितली, खाली दाट झाडी, गव्यांची रोजची वाट, एजंट म्हणाला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, झालं, गोळा केलेल्या पैशातनं इसार देऊन मोकळे. मग कागद माझ्याकडं आणले. जमीन वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, मालक सगळे सामाईकात, निम्मे मुंबईला, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव अजून तसंच. त्यात ट्रस्ट काय शेतकरी नव्हे, आणि 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर परवानगी लागते, हे कुणाच्या गावीच नव्हतं. एजंट फोन उचलंना, देणगीदार रोज "जागेचं काय झालं" विचारतायत.

मी तरी सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि गटनकाशा हातात आल्याशिवाय किमतीचं बोलणंच काढत नाही. खाजगी वनाचा शेरा आहे का तेही बघतो. मग वकिलाकडनं सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल), आणि गावातल्या एका म्हाताऱ्याला घेऊन बांधानं फिरून यायचं. नकाशात नसलेलं त्यालाच माहीत असतंय.

जागा मिळाली की लगेच काटेरी तार मारू नका. गवा तारेला जुमानत नाही, अडतात ती गुरं आणि देवराईकडं जाणारी माणसं, मग गाव तुमच्या विरोधात. जुनी पायवाट खरेदीखतातच लिहून घ्या.

पोस्टरवर वाघ छापू नका, तिथं गवा आणि शेकरू आहे तर तेच दाखवा.

अमेरिकेतल्या काकांचा पासपोर्ट तिकडचा झाला असेल तर एफसीआरए नोंदणीशिवाय (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) त्यांचा एक रुपया घेऊ नका.

आणि सगळा पैसा खरेदीत घालवू नका रे. उन्हाळ्याआधी दरवर्षी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढायला लागतात, राखणदाराला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो, आणि त्यासाठी परत मागायला गेलं की लोक म्हणतात, "जागा घेतली की, आता कसले पैसे?" म्हणून पहिल्याच पत्रकात देखभालीचा आकडा वेगळा छापा.