फ्लोटिंग डिस्कचे बॉबिन बदलताय? या चुका टाळा

मोटरसायकलचा पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि गाडी जागच्या जागी मागेपुढे ढकलायची. हँडलच्या खाली कुठेतरी ‘टक्’ वाजतं आणि गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, गेला. कोनसेट बदलून होतो, बिल भरून होतं, आणि घरी येऊन ब्रेक दाबला की टक् जागेवर हजर. गाडीला फ्लोटिंग डिस्क असेल तर कोनसेटला हात लावण्याआधी डिस्कचे बॉबिन तपासायला हवे होते.

फ्लोटिंग डिस्क दोन भागांची असते. आतला भाग बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. तो हबला बोल्टने बसतो आणि त्याला कॅरिअर म्हणतात. बाहेरची स्टीलची कडी म्हणजे ज्यावर पॅड घासतात ती खरी डिस्क. दोघांच्या कडांना समोरासमोर अर्धगोल खाचा असतात. त्या जुळल्या की गोल घर तयार होतं आणि त्यात एक पोकळ बटन बसतं. हाच बॉबिन. कोणी त्याला बटन म्हणतं, कोणी बुश. मागच्या बाजूने वेव्ह वॉशर (लाटेसारखा वाकवलेला, स्प्रिंगचं काम करणारा), सपाट वॉशर आणि सर्कलिप, म्हणजे खाचेत बसून हे सगळं अडवणारी स्प्रिंगची कडी.

एवढा खटाटोप उष्णतेसाठी. ३२० मिलिमीटरची स्टीलची डिस्क २०० अंशांनी तापली, तर तिचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. लांबलचक घाट उतरताना एवढं तापमान सहज चढतं. आतला कॅरिअर मात्र तेवढा तापत नाही. दोन्ही घट्ट जोडलेले असते तर डिस्कला बाहेर पसरायला जागाच उरली नसती आणि ती ताटलीसारखी खोलगट झाली असती. म्हणून तिला किंचित मोकळीक दिलेली असते. पण ब्रेक लागल्यावर चाक थांबवण्याचा सगळा जोरही याच बॉबिनमधून जातो, आणि तोही दर वेळी एकाच दिशेने. त्यामुळे बॉबिन सगळीकडून सारखा झिजत नाही, एका कुशीला झिजतो. जुना बॉबिन काढून त्याच्या अंगावरून नख फिरवा. एका बाजूला नख गुळगुळीत सरकतं आणि दुसऱ्या बाजूला बारीक पायरीला अडतं. तिथे डिस्कची कडा रुतत आलेली असते.

कानाने निदान करू नका, बोटाने करा

ब्रेक दाबून गाडी हलवल्यावर येणारा आवाज तीन ठिकाणांहून येऊ शकतो: कोनसेट, कॅलिपरमध्ये (डिस्कला चिमटणाऱ्या भागात) हलणारे पॅड आणि बॉबिन. तिन्ही आवाज फोर्कमधून (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांतून) वर चढतात आणि हँडलवर बसलेल्याला सारखेच ऐकू येतात. त्यामुळे एकाला ब्रेक दाबून गाडी हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बसा. बोट अर्धं कॅरिअरवर, अर्धं डिस्कवर, बरोबर बॉबिनच्या शेजारी ठेवा. दोन्ही भाग एकमेकांच्या मागेपुढे सरकत असतील तर बोटाखाली ते स्पष्ट कळतं. मग तेच बोट पॅडची पाठ आणि कॅलिपर यांच्या सांध्यावर ठेवा. शेवटी खालचा टी (फोर्कच्या दोन्ही दांड्या धरणारा आडवा भाग) आणि फ्रेमचं डोकं यांच्यामधल्या फटीवर. जिथे हालचाल, तिथे दोष. फुकटची तपासणी आहे आणि गाडीवरून काहीही उतरवावं लागत नाही.

खात्री करायची असेल तर पुढचं चाक उचलून धरा. एका हाताने टायर पक्का पकडा आणि दुसऱ्याने डिस्क फिरण्याच्या दिशेने पुढे-मागे झटका. फिरण्याच्या दिशेतली मोकळीक ही झीज.

इथेच दुसरी चूक होते. डिस्क बाजूला, म्हणजे आत-बाहेर, हलली तरी लोक घाबरतात. ती हालचाल तर हवीच असते, ‘फ्लोटिंग’ नाव त्यासाठीच आहे. वेव्ह वॉशर असलेल्या सेमी-फ्लोटिंग डिस्कमध्ये ती हाताने जोर लावल्यावर जाणवते. स्प्रिंग नसलेल्या फुल-फ्लोटिंग डिस्क तर नव्या असतानाच खुळखुळतात. रेसिंगच्या डिस्क घालून ‘गाडी वाजते’ म्हणून तक्रार करणारे भेटतात. त्यांना सांगण्यासारखं एवढंच, की ती वाजणारच.

झिजलेला आणि जाम झालेला हे दोन वेगळे आजार

बॉबिन बदलायला आलेल्या गाड्यांत अशाही असतात, ज्यांना नव्या बॉबिनची गरजच नसते. ब्रेकची काळी पूड, पावसाळ्यातला चिखल आणि कोकण-गोव्याच्या बाजूची खारी हवा यांनी बॉबिन घरात चिकटून बसतात. मग डिस्क मोकळी राहत नाही. लक्षणंही उलटी असतात. टक् आवाज येत नाही, पण लिव्हर बोटांखाली धडधडतो, एक पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर संपतो आणि ब्रेक सोडल्यावरही चाक घासत फिरतं.

त्यावर उपाय साफसफाईचा. बॉबिन पोकळ असेल तर त्यातून बसेल असा बोल्ट घाला, दोन्ही बाजूंना वॉशर लावा आणि नट इतपत आवळा की बोल्टबरोबर बॉबिन फिरेल. ब्रेक क्लीनर मारून पान्याने सावकाश फिरवा. सुरुवातीला करकरतो, लालसर-काळं पाणी सुटतं आणि मग हलका होतो. एकेक करून सगळे फिरवा. यात एक फायदा फुकट मिळतो: झिजलेली कूस बाजूला जाऊन चांगली कूस जोराच्या दिशेला येते. झीज थोडी असेल तर टक् आवाजही काही काळ कमी होतो. पण हा इलाज तात्पुरताच. पायरी नखाला अडत असेल तर बॉबिन बदला.

रिव्हेट ग्राइंडरने उडवू नका

मागच्या बाजूला सर्कलिप दिसली तर बॉबिन सुटे होतात. सर्कलिपऐवजी दाबून पसरवलेलं तोंड, म्हणजे रिव्हेट, दिसलं, तर ते कारखान्यात कायमचं बसवलेलं असतं. कंपनीकडून आलेल्या बऱ्याच गाड्यांवर हाच प्रकार असतो. तिथे ग्राइंडरने डोकी उडवून आत हार्डवेअरच्या दुकानातला नट-बोल्ट घालण्याची कलाकारी पाहायला मिळते. तसं करू नका. साध्या बोल्टच्या अंगावरचे आटे त्या घरात कानशीसारखं काम करतात आणि तो बोल्ट डिस्कला मोकळीकही देत नाही. अशा डिस्कला त्याच मापाचं सर्कलिपवालं किट खात्रीच्या ब्रँडचं मिळत असेल तर ठीक. नाहीतर पूर्ण डिस्क बदला.

बीएमडब्ल्यूच्या आर ११५० सारख्या काही जुन्या गाड्यांवर रचना जरा निराळी असते. आपल्याकडे त्या मोजक्याच, पण परदेशातल्या मराठी मंडळींकडे दिसतात. तिथे डिस्क थेट चाकाला बसते आणि प्रत्येक बोल्टवर एक बुश व एक वेव्ह वॉशर असतो. बोल्ट आवळला की तो बुशवर टेकतो आणि डिस्क बुशभोवती मोकळी राहते. बसवताना वेव्ह वॉशर विसरला तर डिस्क खडखडते. चुकीच्या लांबीचा बुश घातला तर ती एकतर ढिली राहते किंवा चिमटली जाते. त्यामुळे जुने सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा आणि फोटो काढा.

व्यासावर माल घेऊ नका

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांच्या बाजारात जाऊन ‘बारा एमएमचे बॉबिन द्या’ म्हटलं की कोणीतरी काहीतरी देतंच. पण बॉबिनला व्यासाबरोबर लांबीही असते, आणि ती डिस्कची जाडी, कॅरिअरची जाडी आणि वॉशर यांच्या बेरजेवर ठरते. लांबी थोडी जास्त झाली की वेव्ह वॉशरवर दाबच येत नाही. कमी झाली तर सर्कलिप खाचेत बसतच नाही, आणि कोणीतरी ती हातोडीने बसवतो. व्हर्निअर (जबड्यात धरून माप घेण्याची पट्टी) घेऊन जुन्या बॉबिनचा न झिजलेला भाग मोजा. झिजलेली बाजू मोजून माप सांगणारे कमी नाहीत.

स्टीलचे बॉबिन जास्त टिकतात म्हणून ते घ्यावेत, हा सल्लाही सरसकट बरोबर नाही. अ‍ॅल्युमिनियमचा बॉबिन मऊ असतो आणि तो स्वतः झिजून महागड्या भागांना वाचवतो. कडक बॉबिन घातला तर झीज थांबत नाही, ती कॅरिअरच्या घरात सरकते. गाडीला मुळात जे होतं तेच घाला. घालताना पूर्ण संच घाला. दोनच ढिले वाटले म्हणून दोनच बदलले, तर सगळा जोर त्या दोन नव्यांवर येतो, कारण बाकीचे त्यांच्या मागे ढिले उभे असतात.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी बघा. डिस्कवर किंवा कॅरिअरवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने डिस्क चार-पाच ठिकाणी मोजा. कडेला उंचवटा राहतो, त्यामुळे व्हर्निअर तिथे फसवतो. जाडी संपत आली असेल तर बॉबिनवर खर्च करण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे, बॉबिन काढल्यावर कॅरिअरमधली खाच बघा. ती लंबगोल झाली असेल, कडेला चमकदार दाबलेला ओठ दिसत असेल, तर नवा बॉबिन तिथे पहिल्या दिवसापासून ढिला. ‘बॉबिन बदलले आणि महिन्यात पुन्हा आवाज’ या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं. खाच कानशीने गोल करायच्या भानगडीत पडू नका. कॅरिअरसकट डिस्क बदला.

डिस्क उतरवताना

डिस्कचे बोल्ट अ‍ॅलनचे (डोक्यात षटकोनी खाच असलेले), डोकी उथळ आणि आट्यांवर लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सुटू न देणारा डिंक. वाकडी-झिजलेली एल-की लावून जोर दिला की डोकं गोल झालंच समजा. आधी डोक्यातला चिखल टोकदार काडीने काढा आणि नवी, सरळ बिट हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवा. हीट गनने बोल्टची डोकी तापवा म्हणजे लॉकटाइट मऊ पडतं. गॅसची ज्योत नको, शेजारीच बेअरिंगचं सील आहे. डिस्क, कॅरिअर आणि हब यांवर खुणा करून ठेवा, बाण कुठल्या दिशेला आहे तेही बघा. चाक डिस्कवर आडवं ठेवू नका, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा.

एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग बऱ्याच गाड्यांवर याच बोल्टांनी किंवा याच्या अगदी शेजारी बसते. ती पातळ असते, पान्याच्या एका धक्क्याने वाकते, आणि मग एबीएसचा दिवा लागतो तेव्हा सगळे सेन्सरवर संशय घेतात.

चाक बाहेर असताना लिव्हर कोणीही दाबू नये म्हणून पॅडमध्ये लाकडाची पट्टी सारून ठेवा. पोरं गाडीवर बसली की हात लिव्हरकडेच जातो.

बसवताना

ग्रीस. सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात धोकादायक चूक हीच. बॉबिन करकरतो म्हणून त्यावर ग्रीस, कॉपर ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० मारलं जातं. चाक फिरलं की ते बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, आणि बाहेरच्या दिशेला डिस्क आहे. पॅडनी तेल प्यायलं की ते कितीही घासले तरी भरवशाचे राहत नाहीत. बॉबिन कोरडाच बसतो. फक्त ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं वापरा.

वेव्ह वॉशर आणि सर्कलिप यांच्यामध्ये सपाट वॉशर येतो. तो गाळला तर वेव्ह वॉशरची कड सर्कलिपला उचकटते. सर्कलिप नवीनच घ्या. तिची एक कड धारदार आणि दुसरी किंचित गोलसर असते. धारदार कड वॉशरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बाहेर यायला हवी. बसल्यावर ती खाचेत फिरवून बघा. अडखळली तर पूर्ण बसलेली नाही. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, सर्कलिप उडाली की कुठे जाईल सांगता येत नाही.

हबचे आटे साफ करा, जुनं लॉकटाइट खरवडून काढा, मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट एक थेंब लावा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. शेजारच्या गाडीचा आकडा चालत नाही, ‘हाताच्या अंदाजाने’ तर अजिबात नाही. कॅरिअर बसतो ती हबची जागाही पुसून घ्या. तिथे अडकलेला गंजाचा एक कण डिस्कच्या कडेला मोठा डोल देतो.

चाक चढवल्यावर आधी अ‍ॅक्सल आवळा, ब्रेक धरून फोर्क तीन-चार वेळा दाबा आणि मगच खालचे क्लॅम्प बोल्ट आवळा. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला तो थेट ग्रिपला टेकतो.

तरीही त्रास राहिला तर

लिव्हर धडधडत असेल तर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापयंत्र) लावून डिस्कचा डोल मोजा. अनेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. डोल जास्त निघाला तर डिस्क वाकडी ठरवण्याआधी गेज कॅरिअरवर लावा. तोही डोलत असेल तर दोष हबच्या बैठकीत किंवा बेअरिंगमध्ये आहे. डोल नाही आणि धडधड आहे, तर डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते. नवे बॉबिन त्यावर काही करू शकत नाहीत.

टक् आवाज कायम असेल तर पुन्हा खाली बसून तीच बोटाची तपासणी करा, या वेळी पॅडपासून सुरू करून. पॅडची पत्र्याची स्प्रिंग उलटी बसलेली किंवा बाहेर राहून गेलेली सापडते. चाक चढवण्याच्या घाईत ती निसटते आणि जमिनीवर पडलेली दिसते, तोवर गाडी गेटबाहेर गेलेली असते.