उन्हाळ्याआधी एमजीबीची सर्व्हिस: पंप, पाईप आणि तेलांची तयारी

होळी झाली की जळगावात दुपारी बोनेटवर हात टेकवत नाही. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जायला अजून थोडे आठवडे असतात, आणि जुन्या गाडीची सर्व्हिस उरकायची ती याच आठवड्यांत. आमच्या घरी वडिलांची १९६६ ची एमजीबी आहे. दोन सीट, कापडी छप्पर, १७९८ सीसीचं इंजिन, त्यावर एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारे भाग. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती बनली तेव्हा खान्देशातला मे महिना कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. शिवाय आजचं पेट्रोलही तेव्हाचं राहिलेलं नाही. या दोन गोष्टी धरूनच मी दरवर्षी सामानाची यादी काढतो. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी गाडी असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. आकडे तेवढे आपापल्या मॅन्युअलमधून घ्या.

पाना-पक्कड हातात घेण्याआधी वास घ्या. गाडी रात्रभर बंद गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी शटर वर करताच आत जा. पेट्रोलचा वास आला तर कुठला तरी रबरी पाईप गेलेला आहे. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. पाईप वरून धडधाकट दिसतो, आतून मात्र फुगून मऊ झालेला असतो. सुटलेले काळे कण वाहत जाऊन कार्ब्युरेटरच्या निडलखाली, म्हणजे पेट्रोल आत सोडणाऱ्या-अडवणाऱ्या सुईखाली, अडकतात. म्हणून एखादाच पाईप बदलू नका, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जेवढं रबर आहे तेवढं सगळं बदला. नव्या पाईपवर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असावं, आतलं अस्तर व्हायटॉन रबराचं असावं. मीटरवर कापून देतात त्या पाईपवर काहीच छापलेलं नसेल तर तो कितीही स्वस्त असो, तिथेच ठेवा. क्लिपा गुळगुळीत कडांच्या घ्या. दातेरी पट्टीच्या क्लिपा पाईपात रुततात.

इथेनॉल पाणी ओढतं, हेही लक्षात असू द्या. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा गंज बसला तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नका. घाण टाकीला जोडलेला नवा पंप दोन महिन्यांत जुना होतो.

आता पंप. या गाडीत तो इंजिनवर नसतो, मागे उजव्या चाकाजवळ खालच्या अंगाला असतो, आणि विजेवर चालतो. आपल्या हवेत ही जागा फार उपयोगाची आहे. इंजिनवर बसवलेला पंप लांबून पेट्रोल ओढतो. ओढताना पाईपातला दाब उतरतो, त्यात इंजिनची धग, मग पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडते. मागचा पंप पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे वाफ धरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तेव्हा सोयीसाठी म्हणून पंप बोनेटखाली आणून बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

चावी फिरवली की एसयूचा पंप टकटक टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. अमळनेरचे आमचे मिस्तरी अण्णा चावी फिरवून आधी कान देतात. "बोली ऱ्हायना म्हंजे जित्ता शे," ते म्हणतात; बोलतोय म्हणजे जिवंत आहे. इंजिन बंद असताना तो थांबतच नसेल तर निडल गळतेय, किंवा पंप कुठून तरी हवा ओढतोय. मुळीच बोलत नसेल तर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. चालू झाला तर आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, जळलेले आहेत, आणि पॉइंटचा संच वेगळा मिळतो. पण पंपाला दोष देण्याआधी त्याची अर्थिंगची काळी वायर घासून साफ करा. निम्मे 'मेलेले' पंप तेवढ्यानेच उठून बसतात.

नवा पंप घ्यायचाच असेल तर पहिला प्रश्न दाबाचा विचारा. या कार्ब्युरेटरना चौरस इंचाला तीन-साडेतीन पौंड दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पौंडांच्या वर दाब देतो. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजने "जोरदार पंप टाकून देतो" म्हणत असाच पंप आमच्या गाडीला बसवला होता. अजिंठ्याच्या रस्त्यावर पहूरच्या अलीकडे फ्लोटची निडल उचलली गेली आणि कार्ब्युरेटर वाहू लागले. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा नळा, एकाच बाजूला असतात, कार्ब्युरेटर वर आणि मॅनिफोल्ड खाली. वास येताच मी चावी बंद केली म्हणून आम्ही वाचलो. मुलगी शेजारच्या सीटवर होती. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, आणि तुम्हीही ऐकू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. इलेक्ट्रॉनिक पंप पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अर्थसाठी वेगवेगळे येतात; उलटा जोडला की तो जळालाच. डबा फोडण्याआधी त्यावरची खूण वाचा. मूळ वायरिंगमध्ये पंपाला फ्यूज नाही, तो आता घाला. सोबत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच बसवा. अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत विजेचा पंप फुटलेल्या पाईपातून पेट्रोल ओतत राहतो, हे विसरू नका. सगळं जोडून झालं की कार्ब्युरेटरकडचा पाईप बाटलीत सोडून पाहा. मिनिटाला निदान अर्धा लिटर तरी पडायला हवं. हे काम गार इंजिनावर, उघड्यावर, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवूनच करा.

तेलांच्या खरेदीत गोंधळ होतो तो गिअरबॉक्सचा. दुकानात गिअर ऑइल मागितलं की ईपी ९० पुढे येतं. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच तेल, २०डब्ल्यू-५०, जातं. जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमधली गंधकाची रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातात. ईपी ९० घ्या, पण ते मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन गिअरसाठी. इंजिनला फिल्टर धरून सव्वाचार लिटर लागतं. २०डब्ल्यू-५० बुलेटवाल्यांमुळे धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत कुठेही मिळतं. नव्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ तेल या इंजिनात नको. गिअरबॉक्स धरून सात-आठ लिटर एकदमच आणा. त्यातलंच थोडं कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या तेलाच्या नळीत, चालून जातं, मॅन्युअल तिथे थोडं पातळ सांगतं. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या ग्रीस निपलांना ग्रीसगन लावा.

ब्रेक ऑइल डॉट ४ घ्या, बंद डब्यातलं. नवं असताना ते २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर १५५ पर्यंत उतरतं, आणि कन्नडचा घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. क्लचलाही हेच लागतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव सारखं वाटलं तरी ते यात मिसळायचं नाही. थेंब रंगावर पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो.

इथे गोठण्याची भीती नाही म्हणून रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी घालणारे बरेच आहेत. त्या पाण्यातले क्षार तांब्याच्या नळ्यांत बसतात आणि एप्रिलमध्ये तापमानाचा काटा वर चढतो. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट मिसळून घाला. कूलंटने गंज थांबतो, उकळबिंदू थोडा वर जातो, पण निव्वळ उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. म्हणून आपल्याकडे मी कूलंट तिसरा हिस्साच ठेवतो. टोपणाची स्प्रिंग आणि रबर नक्की पाहा. दहा पौंड दाबाचं टोपण उकळबिंदू पंधराएक अंश चढवतं. रबर चिरलं की ते सगळं गेलं.

पाने इंची मापाचे, एएफचे, लागतील. मिलिमीटरचे पाने लावून जुने नट गोल करू नका.

सगळं झालं की सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, वीस किलोमीटरची फेरी मारा. घरी आल्यावर गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा. सकाळी त्यावरचे डाग पाहा: पुढे तपकिरी असेल तर इंजिन, मधे असेल तर गिअरबॉक्स, हिरवा असेल तर होजची क्लिप, चाकाच्या आतल्या बाजूला फिकट ओलं असेल तर ब्रेकचा सिलिंडर. आणि डाग नसून नुसता पेट्रोलचा वास असेल, तर चावी न लावता पुन्हा पाईपांपासून सुरुवात करा.